ऐकणारी मुलं

कॅडेट्सच्या कुठल्याही जुन्या चाहत्याला त्याच्या पथकाचा इतिहास विचारा, तो आधी वर्षं मोजतो. १९८३, १९८४, १९८५, १९८७, १९९०, १९९३, १९९८, २०००, २००५, २०११. ड्रम कोअर इंटरनॅशनलची दहा विजेतेपदं, पाढे म्हटल्यासारखी एका दमात. मग आवाज खाली येतो आणि आणखी दोन वर्षं सांगितली जातात, २०१८ आणि २०२४. ही दोन वर्षं जणू दुसऱ्याच कुणाच्या पत्रिकेतून या घरात शिरली. पथक थोर होतं, मग काहीतरी वाईट घडलं, मग ते बंद पडलं.

मला ही मांडणी पटत नाही. नव्वद वर्षांचा इतिहास एकाच पथकाचा आहे. त्यातलं जे अप्रतिम आहे आणि जे भयंकर आहे त्यांची दोन वेगळी खाती उघडता येत नाहीत. एक तर ज्यांना त्या पथकात त्रास झाला, त्या व्यक्ती त्याच सुवर्णकाळाच्या साक्षीदार आहेत.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. इथल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडशी आपल्यापैकी अनेकांची ओळख मुलांमुळे होते. ऑगस्टच्या उन्हातला बँड कॅम्प, शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याचं मध्यंतर, बूस्टर क्लबच्या नावाने लिहिलेले चेक, गाडीच्या डिकीत कायमचं मुक्कामाला आलेलं एखादं वाद्य. ड्रम कोअर (यातला शेवटचा 'प्स' उच्चारायचा नाही, हे मला कळायला एक उन्हाळा लागला) हा त्याच घराण्यातला जास्त हट्टी प्रकार. यात बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन नाहीत. फक्त पितळी वाद्यं, ढोलताशांचा ताफा आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी फेकणारी-झेलणारी मंडळी. वय साधारण विशीच्या आतबाहेर, एका पथकात दीडशेच्या आसपास मुलंमुली. उन्हाळाभर बसमधून देश पालथा घालायचा, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, दिवसाचे दहा-बारा तास सराव करायचा आणि या भाग्यासाठी काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून भरायचे. अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम, तोच सगळा उन्हाळा. ऑगस्टमध्ये अंतिम फेरी, २००९ पासून ती इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते.

कॅडेट्सची सुरुवात मात्र स्टेडियमपासून फार लांब झाली. न्यू जर्सीतलं गारफिल्ड हे पसेइक नदीच्या काठावरचं गिरण्यांचं गाव. पोलंड, इटली, हंगेरीकडून आलेल्या लोकांनी तिथल्या आणि पलीकडच्या पसेइकमधल्या लोकरीच्या गिरण्या चालवल्या. १९२६ मध्ये याच पट्ट्यात पगारकपातीविरुद्ध पंधरा हजारांहून जास्त कामगारांचा संप झाला. तो वर्षभर चालला आणि त्यात पोलिसांच्या लाठ्याही चालल्या. गिरणगावाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे चित्र फारसं परकं वाटू नये. त्यानंतर आठ वर्षांनी, ऐन मंदीत, १९३४ मध्ये, गावातल्या होली नेम चर्चने परिसरातल्या मुलांचं एक पथक उभं केलं: होली नेम कॅडेट्स. अमेरिकेत अशी पथकं तेव्हा गावोगाव होती. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या संघटना, चर्च, स्काउट तुकड्या, सगळ्यांना मुलांना रस्त्यावरून हटवायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी मुलांना रस्त्यावरूनच चालवलं. ब्युगल स्वस्त होतं. शिकायला सोपं होतं, कारण त्याला कळाच नसत. ओठांच्या ताणाने निघतील तेवढेच मोजके सूर. गाणं कुठलंही असो, ते त्या मोजक्या सुरांत बसवायचं.

गणवेशाकडे बघा. तांबूस-लाल कोट, क्रीम रंगाची विजार, उंच टोपी, छातीवर गुंड्यांच्या रांगा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची ही सरळ नक्कल. ज्यांच्या आईबापांना इंग्रजी धड येत नव्हतं आणि ज्यांच्या बापाने कदाचित संपात मार खाल्ला होता, ती मुलं देशातल्या सगळ्यात उच्चभ्रू लष्करी शाळेच्या पोशाखात मेन स्ट्रीटवरून चालत होती. यात कुणी भाबडी देशभक्ती बघेल, कुणी स्थलांतरितांना वळण लावण्याचा कार्यक्रम. मला दोन्ही दिसतात आणि दोन्हीत मुलांची हौस दिसते. 'आम्ही इथलेच' हे सांगायचा याहून मोठ्या आवाजाचा मार्ग त्यांना कुणी दिला नसता. आपल्या इंडिया डे परेडमध्ये फेटा बांधून चालणाऱ्या पोरांकडे बघताना मला गारफिल्ड आठवतं ते यामुळे. फक्त आपली पोरं उलटं सांगत असतात: 'आम्ही तिथलेही.'

चर्चशी पथकाचं नातं टिकलं नाही. १९५० चं दशक संपता संपता दोघांचा काडीमोड झाला आणि होली नेम कॅडेट्सचे गारफिल्ड कॅडेट्स झाले. गंमत अशी की पथकाचं गीत तेच राहिलं. 'होली नेम'चा जयघोष करणारं ते गीत, त्या चर्चशी काही संबंध न उरलेल्या, पुढे तर गारफिल्डमध्ये कधी पाऊलही न टाकलेल्या मुलांनी, दर वर्षी गळ्यात गळे घालून म्हटलं. मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. लष्करी संघटनांच्या स्पर्धा, त्यांची विजेतेपदं, पैशाची चणचण, हे सगळ्याच पथकांचं सारखं आहे. महत्त्वाचं वळण १९७१ चं. नियम आणि बिदागी आपल्या हातात हवी म्हणून काही पथकांच्या संचालकांनी माजी सैनिकांच्या संघटनांपासून फारकत घेतली आणि ड्रम कोअर इंटरनॅशनल स्थापन केलं. पहिली अंतिम फेरी १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. रस्ता तिथे सुटला. मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकाला एक दिशा असते, पुढे. स्टेडियममध्ये दिशा नसते. तिथे आकृती असते आणि ती उंचावर बसलेल्या माणसासाठी असते.

हे ज्याला सगळ्यांच्या आधी पुरतं उमगलं तो जॉर्ज झिंगाली. मूळचा कलर गार्डच्या जगातला माणूस, मॅसॅच्युसेट्सच्या ट्वेन्टी-सेव्हन्थ लान्सर्समधून नावारूपाला आलेला. त्याच्याआधी मैदानावरची रचना बहुधा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असे. रांगोळीचे ठिपके घालून अर्धं चित्र काढावं आणि उरलेलं अर्धं आरशातून घ्यावं, तशी. झिंगालीने आरसा काढून टाकला. त्याच्या रचना एका बाजूला झुकतात, वळतात, वितळतात. एक आकार पुरता दिसतो न दिसतो तोच दुसऱ्यात मिसळतो आणि सगळं जवळजवळ पळण्याच्या वेगात. १९८३ मध्ये रॉन नेल्सनच्या 'रॉकी पॉइंट हॉलिडे'वर कॅडेट्स असे धावले आणि पूर्वेकडच्या पथकाला पहिल्यांदा हे विजेतेपद मिळालं. पुढच्या वर्षी बर्न्स्टाइनचं 'वेस्ट साइड स्टोरी', आणि ८५ मिळून सलग तीन. तेव्हापर्यंत हे कुणालाच जमलं नव्हतं.

यात एक तांत्रिक मेख आहे, ती सांगितलीच पाहिजे. त्या काळापर्यंत परीक्षक हातात पाटी घेऊन मैदानात मुलांमधून फिरत आणि प्रत्येक चुकीची खूण करत. प्रत्येक खुणेला एक दशांश गुण वजा. म्हणजे पथक निर्दोष म्हणून सुरू होई आणि शेवटपर्यंत त्याचा गुन्हेपट भरत जाई. अशा पद्धतीत शहाणा माणूस अवघड काही करत नाही. १९८४ पासून ही वजाबाकी गेली आणि केलेल्या कामाचे गुण द्यायची पद्धत आली. झिंगालीची धाडसी रचना वजाबाकीच्या शेवटच्या हंगामात जिंकली, हे मला त्याच्या प्रतिभेचं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र वाटतं. कला परीक्षकाच्या कोष्टकापुढे एक वर्ष का होईना, धावली.

१९८४ चं 'वेस्ट साइड स्टोरी' मी अनेकदा पाहिलंय, अर्थात चित्रफितीवरच. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. चित्र धूसर आहे, ध्वनिमुद्रण यथातथाच. तरी त्यातली ऊब लपत नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्थलांतरितांची पोरं एकमेकांच्या जिवावर उठतात त्याची ही कथा, आणि ती वाजवतंय कोण, तर नदीपलीकडच्या स्थलांतरितांच्या पोरांना रस्त्यावरून हटवण्यासाठी निघालेलं पथक. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण पन्नास वर्षांनी तो रस्ता त्यांच्या संगीतात परत आला. १९८७ चं कोपलँडचं 'ॲपलेशियन स्प्रिंग' जास्त नितळ आहे, जास्त सुंदरही म्हणा. मला मात्र ८४ च जवळचं. त्यात धोका ऐकू येतो.

आता माझ्या कामाकडे वळते. मी श्रवणविज्ञानात संशोधन करते. दोन आवाज एकाच वेळी झाले की मागेपुढे, हे आपला कान आणि मेंदू कसं ठरवतात, हा माझा रोजचा विषय. त्यामुळे ड्रम कोअरकडे मी पहिल्यापासून एका हिशेबाच्या नजरेने बघत आले. फुटबॉलचं मैदान ४९ मीटर रुंद असतं. मागच्या रेषेवर वाजलेला ठोका पुढच्या रेषेवर पोचायला सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा लागतो. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची. म्हणजे मागचा आवाज पुढे येईस्तोवर जवळजवळ अर्धी मात्रा उलटलेली असते. मैदानाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला तर जवळपास अख्खी मात्रा. अशा ठिकाणी प्रत्येक मुलाने आपल्या कानाला पटेल तेव्हा वाजवलं तर प्रेक्षकाला काला ऐकू येईल.

म्हणून ड्रम कोअरमध्ये एक विलक्षण गोष्ट शिकवतात: कानावर विश्वास ठेवू नका. ढोलताशांचा ताफा शक्यतो मागे, मध्यभागी. त्याच्यापुढे असाल तर मागून येणाऱ्या आवाजाच्या बरोबर वाजवा. बाजूला किंवा मागे असाल तर समोर उंचावर उभ्या असलेल्या ड्रम मेजरचे हात बघा आणि कान काय सांगतोय ते सोडून द्या. शेजारी चुकल्यासारखा वाटला तरी त्याच्याकडे जाऊ नका. प्रत्येकाकडे एक वही असते. तिच्यात कार्यक्रमाच्या प्रत्येक टप्प्यावर तुम्ही नेमके कुठे उभे असणार तो ठिपका लिहिलेला असतो, अमुक रेषेपासून इतकी पावलं, तमुकपासून तितकी. पाच यार्डांत आठ पावलं, एक पाऊल साडेबावीस इंचांचं. आकृती कशी दिसतेय हे ती करणाऱ्याला कधीच दिसत नाही. ते दिसतं वरच्याला.

ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी थक्क झाले होते, आजही होते. दीडशे पोरं आपल्या इंद्रियांची साक्ष बाजूला ठेवतात आणि त्यातून उंचावरच्या खुर्चीत बसलेल्या अनोळखी माणसाच्या कानात एक स्वच्छ सूर उतरतो. इतका निखळ विश्वास मी दुसऱ्या कुठल्या कलेत पाहिलेला नाही.

आणि मग २०१८ चा एप्रिल. नऊ स्त्रियांनी पथकाच्या संचालकांवर लैंगिक छळाचे आणि अत्याचाराचे आरोप केल्याचं वृत्त 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'ने छापलं. आरोप चार दशकांपर्यंत मागे जात होते. संचालकांनी राजीनामा दिला. हा माणूस ८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पथकाच्या प्रमुखपदी होता. वर मोजलेली दहाही विजेतेपदं त्याच्या कारकिर्दीतली. पथक नव्या व्यवस्थापनाखाली काही वर्षं तग धरून राहिलं, पण चाळीसेक वर्षांपूर्वीच्या कथित अत्याचाराबद्दल एक वेगळा दावा दाखल झाला. त्याचा भार पेलवणार नाही असं म्हणत २०२४ मध्ये संस्थेने काम थांबवलं.

इथे एक सोपा सिद्धांत हाताशी येतो आणि मी तो नाकारते. शिस्तीची कला म्हणजे अत्याचाराचं बीज, असा. तसं असतं तर प्रत्येक वाद्यवृंद, प्रत्येक नृत्यशाळा, प्रत्येक गुरुकुल संशयित ठरलं असतं. तीच कला, तीच ठिपक्यांची वही घेऊन हजारो मुलं घडली, सुखरूप घरी गेली आणि पुढे आपल्या मुलांनाही घेऊन आली. मैदानावरचा कानाबद्दलचा अविश्वास हा भौतिकशास्त्राचा नाइलाज आहे, त्याला नैतिक अर्थ नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मैदानावरची ती गरज पथकाने आणि पथकाच्या भाटांनी जगण्याचं तत्त्व करून टाकली. जे फक्त अकरा मिनिटांसाठी खरं होतं, ते उरलेल्या तेवीस तासांसाठीही खरं मानलं. बसमध्ये, जिममध्ये, कार्यालयात, सगळीकडे मुलाने वरच्याकडे बघायचं. आकृती फक्त त्यालाच दिसते.

याचा पुरावा मला कुठल्या चौकशी अहवालात शोधावा लागत नाही. तो कार्यक्रमांतच आहे. २००४ पासून ड्रम कोअरमध्ये ध्वनिक्षेपकाला परवानगी मिळाली. कॅडेट्सनी तिचा उपयोग बोलण्यासाठी केला. २००७ चा त्यांचा कार्यक्रम 'धिस आय बिलीव्ह'. त्यात पथकातलीच मुलं बोलतात, आपला विश्वास कशावर आहे, हे करणं म्हणजे काय, हे सांगतात. पुढच्या वर्षी, सुखाच्या शोधाबद्दलच्या कार्यक्रमात, पुन्हा निवेदन. त्या काळात चाहत्यांची मोठी कुरकुर झाली, ती मुख्यतः अशी की बोलण्याने संगीत बुडतं. ते खरंच आहे, पण माझी हरकत दुसरी. १९८४ मध्ये या पथकाला आपण चांगले आहोत हे सांगावं लागत नव्हतं. २००७ मध्ये ते मुलांच्या तोंडून, स्टेडियमभर, शब्दांत वदवून घेतलं जातं. मुलं खोटं बोलत नसतील. त्या वयात त्या उन्हाळ्यावर जीव जडलेला असतो, तो विश्वास खराच असतो. पण बोलायचं काय हे आधी लिहून, बसवून, वरून ठरलेलं आहे. मुलांच्या हातात ध्वनिक्षेपक आहे आणि तरी त्यांचं म्हणणं ऐकलं जात नाहीये. आज ती चित्रफीत बघताना पोटात खड्डा पडतो, आणि तो २०१८ माहीत असल्यामुळेच पडतो असं मला वाटत नाही. कार्यक्रम म्हणूनच तो पोकळ आहे. ज्या कलेचा जीव आकृतीत होता तिने आकृती सोडून स्वतःची जाहिरात केली.

मराठीत आपण 'ऐकतो का तुझा मुलगा?' असं विचारतो तेव्हा त्याच्या कानांची चौकशी करत नसतो. ऐकणं म्हणजे आज्ञा पाळणं. ऐकणारी मुलं म्हणजे गुणी मुलं. पण मुलांचं 'ऐकून घेणं' ही मोठ्यांनी करायची गोष्ट वेगळी आणि तिला आपल्याकडेही फारसा मान नाही. 'त्याचं काय ऐकून घेता!' हे आपलं नेहमीचं वाक्य.

हे मी इथे लिहितेय कारण आपण आता पथकं काढतोय. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहराशहरांत ढोल-ताशा पथकं उभी राहिली. गणपतीत, परेडमध्ये, अधिवेशनाच्या शोभायात्रेत ती दिसतात, आणि इथे जन्मलेली पोरं, ज्यांना रविवारच्या मराठी शाळेत ओढत न्यावं लागतं, ती कमरेला ढोल बांधायला आपण होऊन येतात. मला याचं मनापासून अप्रूप आहे. शाळांच्या आणि देवळांच्या पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन करेपर्यंत, टिपरू आणि थाप चालू असते. आणि माझ्या धंद्याच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट म्हणजे ढोल पथक कानावर चालतं. ताशा उचलतो, ढोल त्याच्या मागे जातो. ताशा ऐकू आला नाही तर ढोलवाला भटकतो, म्हणून तो शेजाऱ्याकडे वाकतो, त्याचा ठेका पकडतो. झेंडेवाले समोर नाचतात खरे, पण लय कुणी हवेत हात हलवून देत नाही. पथक मोठं झालं, रांगा लांबल्या, की मागच्या रांगेला ताशा उशिरा पोचतो आणि सगळं सैल होतं. मग कुणीतरी समोर चढून हाताने मात्रा द्यायला लागतो. स्पर्धांची भाषा सुरू होते, एकसारख्या हालचाली येतात, ड्रोनने वरून चित्रण होतं. मिरवणुकीतून मैदानाकडे जायची वाट हीच. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यावर झिंगालीही भेटतो.

पण एका बाबतीत आपण कॅडेट्सपेक्षाही जास्त उघड्यावर आहोत. त्यांचे प्रमुख निदान 'डायरेक्टर' होते. आपले 'दादा' आणि 'ताई' असतात. नात्याचा शब्द पदावर बसला की तक्रार ही तक्रार राहत नाही, ती घरातली गोष्ट होते आणि घरातली गोष्ट बाहेर बोलायची नसते. वीकेंडला सोळा वर्षांच्या मुलीला सरावाहून घरी सोडायला दादा गाडी घेऊन निघतात तेव्हा कुणाला काही खटकत नाही, कारण दादाच आहेत ना. २०१८ नंतर ड्रम कोअर इंटरनॅशनलने सहभागी मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले, तक्रारीच्या वाटा संचालकांच्या हाताबाहेर नेल्या. इथल्या शाळा आणि स्काउट तुकड्यांमध्ये असले नियम आता लहान मुलांच्याही अंगवळणी पडलेत: अल्पवयीन मुलाबरोबर एकटा मोठा माणूस नको, दोन हवेत. आपल्या किती पथकांच्या नोंदणीच्या अर्जावर असा एखादा नियम छापलेला आहे? टी-शर्टचा साइज मात्र नक्की विचारलेला असतो. हा प्रश्न विचारला की 'आपल्यात असं होत नाही' हे उत्तर येतं. गारफिल्डमध्येही बहुधा हेच म्हणत असतील.

कॅडेट्सचा इतिहास पुढेमागे कुणीतरी नीट लिहील. त्या लेखकाने वर्षांच्या दोन वेगळ्या याद्या करू नयेत. संपात होरपळलेल्या गावाने मुलांना वेस्ट पॉइंटचा कोट का घातला, झिंगालीने आरसा का काढला, २००७ मध्ये मुलांच्या तोंडी ते शब्द का दिले, आणि नऊ जणींचं बोलणं छापून यायला इतके उन्हाळे का लागले, ही सगळी एकाच पुस्तकाची प्रकरणं आहेत. त्या नऊ जणींना मी पथकाच्या इतिहासात ड्रम मेजरच्या इतकंच वरचं स्थान देईन. कानाची साक्ष सोडू नये हे त्या पथकाला त्यांनी सांगितलं.

मी कॅडेट्सना प्रत्यक्ष ऐकलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ॲलनटाउनला. मैदानावरचा कार्यक्रम बरा होता, पण लक्षात राहिला तो त्याआधीचा अर्धा तास. ड्रम कोअरचे जाणकार तिकीट काढून स्टेडियमच्या बाहेर उभे राहतात, कारण पथकं आत जाण्याआधी पार्किंगमध्ये गरम होत असतात. पितळी वाद्यांची मुलं अर्धवर्तुळात उभी होती, अंतर हाताच्या लांबीचं. इतक्या जवळ आवाजाला उशीर व्हायला जागाच नसते. ठिपक्यांच्या वह्या बाजूला पडलेल्या. शिकवणाऱ्याने एक सूर दिला आणि वाद्यं खाली ठेवायला सांगितली. मुलांनी तो आधी गळ्याने गायला. मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. समोरची एक मुलगी किंचित चढली होती. तिने डोळे मिटून मान शेजारच्या मुलाकडे वळवली, थोडी खाली आली, आणि सूर बसला तसा तिच्या बाजूच्या चार-पाच जणांचा आवाज एकदम भरला. पाठीमागे कुणीतरी घड्याळ दाखवलं. मुलांनी वाद्यं उचलली आणि दोनाच्या रांगा करून ती फाटकाकडे चालू लागली.